संगणकशास्त्राचा विद्यार्थी आणि मराठीची सामग्री : तळोद्याच्या कसोटीवर एक परीक्षण

१

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे कार्य साधारणतः तीन ठिकाणी विभागलेले असते. पदवीसाठी सादर केलेला प्रबंध हा त्याचा पहिला भाग; सहाध्यायांच्या साहाय्याने रचलेल्या आज्ञावली, ज्यांना आपण प्रकल्प म्हणतो, तो दुसरा; आणि गुणांचा वा परीक्षेचा संबंध नसता केवळ आवडीपोटी केलेले उद्योग हा तिसरा. पहिल्याची तोंडी परीक्षा होते, दुसऱ्याला गुण मिळतात आणि तिसऱ्याची दखल कोणी घेत नाही. समीक्षा मात्र तिन्हींपैकी एकाचीही होत नाही. एखादा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला की त्यावर चार परीक्षणे येतात. परंतु विद्यार्थी कोट्यवधी मराठी शब्दांचा संग्रह सिद्ध करतात, त्या संग्रहावरून यंत्र मराठी शिकते, आणि मराठीच्या अभ्यासकांपैकी फारच थोडे तो उघडून पाहतात. ही उपेक्षा दोन्ही शास्त्रांना हानिकारक आहे, असे आमचे मत आहे.

प्रस्तुत लेखात मराठीसंबंधी झालेल्या अशा विद्यार्थिकार्याचे परीक्षण करावयाचे आहे. कसोटीचे ठिकाण म्हणून तळोदा निवडले आहे, त्याचे कारण सांगणे अवश्य आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापीचे खोरे आणि पश्चिमेस गुजरातची सीमा. शाळेत आणि कचेरीत मराठी, बाजारात अहिराणी, गुजराती व हिंदी, आणि डोंगराकडून येणाऱ्या माणसांच्या तोंडी पावरी, देहवाली यांसारख्या भिल्ली बोली, अशी येथील भाषिक स्थिती आहे. पुण्यामुंबईच्या मराठीवर जे साधन उत्तम चालते ते येथे कितपत चालते, हे पाहिले म्हणजे त्या साधनाची खरी योग्यता कळते. तळोद्याहून पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने आपल्या बोलीवर काम करावयाचे म्हटले तर त्याला कोणता विषय मिळेल, हा प्रश्नही या कसोटीत अंतर्भूत आहे.

२

या कार्याला परंपरा नाही असा एक समज आहे, तो प्रथम दूर केला पाहिजे. कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये आर. एम. के. सिन्हा यांनी १९७३ साली डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय यंत्राकडून देवनागरी लिपी ओळखून घेणे हा होता. संगणक ही दुर्मिळ वस्तू असण्याचा तो काळ. पुढे सिन्हा यांच्या प्रयोगशाळेत मोहन तांबे प्रभृती तरुण अभियंत्यांनी देवनागरीत काम करणारे यंत्र घडविले आणि १९८३ साली दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्याचे दर्शन झाले. या कामातून ‘जिस्ट’ हे तंत्र आकारास आले. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत त्याचा विस्तार झाला. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक प्रणाली ठरली, तिला १९९१ साली राष्ट्रीय प्रमाणाचे स्थान मिळाले, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही तिच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून घेण्यात आली. आज तळोद्यातील एखादा मुलगा भ्रमणध्वनीवर मराठी अक्षर उमटवितो, तेव्हा त्या अक्षराचा सांकेतिक क्रमांक या परंपरेतून आलेला असतो.

या कामाचे यश कशात होते? यंत्राच्या वेगात ते नव्हते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची आकृती भिन्न असली तरी वर्णांचा क्रम आणि अक्षराची घडण एकच आहे, हे भाषिक तत्त्व त्या मंडळींनी आधी ओळखले आणि यंत्र नंतर रचले. व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर करणारे चिन्ह यांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत, प्रत्येक जोडाक्षराला देऊ नयेत, हा निर्णय आज सहज वाटतो. पण तो टंकलेखनयंत्राच्या अर्ध्यामुर्ध्या तुकड्यांतून लिपी सोडविण्याचा निर्णय होता. आज्ञावली लिहिण्यापूर्वी भाषेविषयी जो विचार केला गेला, तोच टिकला. त्या वेळची यंत्रे केव्हाच मोडीत निघाली.

३

आता अलीकडच्या कार्याकडे वळू. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने, मुख्यतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, २०२१ पासून मराठीची जी सामग्री प्रसिद्ध केली ती या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. ‘महासेंट’ या पहिल्या संग्रहात सुमारे १६ हजार ट्विटे असून प्रत्येकाला अनुकूल, प्रतिकूल वा तटस्थ अशी भावनेची खूण दिलेली आहे. २०२२ साली आलेल्या ‘महाकॉर्पस’मध्ये २ कोटी ४८ लाख वाक्ये आणि सुमारे २८ कोटी ९० लाख शब्दघटक आहेत. त्याच वर्षी ‘महानेर’मध्ये २५ हजार वाक्यांतील व्यक्ती, स्थळ, संस्था इत्यादी नामे आठ वर्गांत हाताने चिन्हित करण्यात आली, आणि ‘महाहेट’मध्ये द्वेषमूलक व अपशब्दयुक्त लेखनाचे २५ हजार नमुने वर्गीकृत झाले. ही सर्व सामग्री कोणालाही उपलब्ध आहे. परभाषेतील तयार संग्रह मराठीत उतरवून घेण्याचा सोपा मार्ग या मंडळींना मोकळा होता. तो न पत्करता त्यांनी मराठीत मुळात लिहिलेली वाक्ये वाचून त्यांवर खुणा केल्या. हे परिश्रमाचे आणि स्वाभिमानाचे काम आहे, आणि पुढील दोष दाखविताना त्याचा विसर पडणे अन्यायाचे होईल.

दोष मुख्यतः निवडीचा आहे. ‘महासेंट’मधील ट्विटे राजकीय वर्तुळातील आहेत. अभिनंदन, जयंतीनिमित्त अभिवादन, शोक, निषेध आणि आरोप हे राजकीय ट्विटाचे ठरलेले साचे होत. या साच्यांवरून भावना ओळखावयास शिकलेले यंत्र मराठी माणसाची भावना ओळखते असे म्हणणे म्हणजे सभेतील भाषणांवरून घरातील बोलण्याचे व्याकरण लिहिण्यासारखे आहे. गटाला याची जाणीव होती असे दिसते. कारण २०२३ मध्ये त्यांनी चित्रपटांची परीक्षणे, सर्वसाधारण ट्विटे आणि दूरचित्रवाणी मालिकांची संवादपट्टी यांची जोड देऊन सुमारे ६० हजार नमुन्यांचा विस्तारित संग्रह काढला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही चारही क्षेत्रे लिखित आणि शहरी माध्यमांचीच राहिली.

दुसरा दोष वर्गांचा आहे. ‘रस्ता छान केला, पहिल्या पावसाने नेला’ या वाक्यातील भावना कोणती? पहिला अर्धा भाग स्तुतीचा आहे, दुसऱ्याने ती स्तुती उपरोधात बदलते, आणि बोलणाऱ्याच्या स्वरात राग नसून थकवा असू शकतो. मराठी बोलण्यात ही वक्रता अपवादात्मक नाही; खेड्यातील कितीतरी संभाषण याच वळणाने चालते. तीन वर्ग पुरत नाहीत, ही तक्रार आम्ही करीत नाही. शास्त्राला वर्ग करावेच लागतात. परंतु अशा वाक्यावर दोन चिन्हांकन करणारांचे मत कोठे व का भिन्न झाले, याचे विवेचन प्रबंधात विस्ताराने यावयास हवे. तेथेच भाषेविषयी काही नवे हाती लागण्याचा संभव असतो. या प्रकारच्या लेखनाच्या प्रचलित साच्यात मात्र हा भाग एका परिच्छेदात आटोपतो आणि कोष्टके पृष्ठेच्या पृष्ठे व्यापतात.

४

आज्ञावली लिहिण्यापूर्वी भाषेचा विचार न केल्यास काय होते, याचे एक उदाहरण येथे सविस्तर देतो. कारण पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते जन्मभर लक्षात ठेवावे असे आहे.

‘बर्ट’ हे भाषा-प्रारूप गूगलने २०१८ साली प्रसिद्ध केले. त्याच्या बहुभाषी आवृत्त्यांपैकी एकीत मजकूर यंत्राला देण्यापूर्वी त्यावर एक संस्कार केला जातो. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे एकरूप करणे आणि स्वरांवरील चिन्हे काढून टाकणे हा त्या संस्काराचा हेतू आहे. काही युरोपीय भाषांत त्याने फारसे बिघडत नाही. देवनागरीत मात्र मात्रा हाच स्वर. युनिकोडने आपल्या चिन्हांचे दोन प्रकार मानले आहेत : ओळीत स्वतःची जागा व्यापणारी आणि न व्यापणारी. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार व औकार पहिल्या प्रकारात पडतात. दोन्ही उकार, एकार, ऐकार, अनुस्वार आणि जोडाक्षराचे चिन्ह दुसऱ्यात. वरील संस्कार दुसऱ्या प्रकारची सर्व चिन्हे पुसून टाकतो.

परिणाम असा की ‘पुणे’ या शब्दाचे ‘पण’ होते. ‘नंदुरबार’चे ‘नदरबार’, ‘सातपुडा’चे ‘सातपडा’ आणि ‘अक्कलकुवा’चे ‘अककलकवा’ होते. ‘तळोदा’ आणि ‘शहादा’ या नामांत केवळ जागा व्यापणाऱ्या मात्रा असल्यामुळे ती योगायोगाने बचावतात. मराठीच्या खास ‘ऱ’ची गत आणखी विचित्र होते. युनिकोडच्या दृष्टीने हे अक्षर म्हणजे ‘र’ आणि त्याखालील बिंदू यांचा जोड. बिंदू न व्यापणाऱ्या चिन्हांत पडत असल्याने तोही पुसला जातो. मग सातपुड्यातील ‘दऱ्या’ आणि कोकणातील ‘दर्या’ हे दोन्ही शब्द ‘दरया’ या एकाच निरर्थक रूपात विलीन होतात.

प्रारूपाच्या कर्त्यांनी स्वतःच या आवृत्तीऐवजी दुसरी, हा संस्कार न करणारी आवृत्ती वापरण्याची शिफारस केलेली आहे, आणि पुण्याच्या गटाने आपले ‘महाबर्ट’ त्या दुसऱ्या आवृत्तीवरच उभारले. असे असले तरी धोका संपत नाही. शिकविण्याची आणि परीक्षेची अशी दोन्ही वाक्ये सारख्याच रीतीने मोडलेली असल्यामुळे, अशा मोडक्या मराठीवरही यशाची टक्केवारी लाजिरवाणी दिसेलच असे नाही. ‘पुणे’चे ‘पण’ झाले आहे हे कोष्टक सांगत नाही. ते सांगण्यासाठी कोणीतरी यंत्राच्या पोटात गेलेला मजकूर प्रत्यक्ष वाचावा लागतो. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याकडून सर्वप्रथम करवून घ्यावी अशी गोष्ट हीच होय.

५

आता तळोद्याच्या भाषेची कसोटी लावू. प्रमाण मराठीचाच विचार केला तरी ‘तळोदा’ हे नाम वाक्यात क्वचितच त्या रूपात भेटते. तळोद्याला, तळोद्यात, तळोद्याहून, तळोद्यापासूनचा, तळोदेकर, अशी त्याची रूपे होतात. सामान्यरूप आणि त्याला जडणारे प्रत्यय यांची जाण नसलेल्या यंत्राला ही पाच भिन्न वस्तू वाटतात. ‘पुण्यात’ हे रूप वृत्तपत्रांत हजारो वेळा आल्यामुळे यंत्र ते केवळ आवृत्तीने शिकते. ‘तळोद्यात’ हे रूप विरळा येते. तेथे यंत्राला व्याकरणच यावे लागते. म्हणजे लहान गावाचे नाव ही मोठ्या प्रारूपाची खरी परीक्षा ठरते. परीक्षेसाठी राखून ठेवलेली वाक्ये स्थळनामांच्या विरळतेनुसार वेगळी करून दोन्हींचे यश स्वतंत्रपणे मांडण्याची पद्धत पडली, तर या विषयातील पुष्कळ फसवी समाधाने दूर होतील.

अहिराणीत प्रवेश करताच अडचण पालटते. येथे मराठीच्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. त्यामुळे ‘काया’ म्हणजे देह नव्हे, काळा. ‘आहे’ या अर्थी ‘शे’ येते, जे प्रमाण मराठीच्या यंत्राला शंभराच्या हिशेबातील शेपूट वाटणार. षष्ठीला ‘चा-ची-चे’ऐवजी ‘ना-नी-नं’ हे प्रत्यय लागतात, आणि प्रमाण मराठीत ‘ना’ हा नकार किंवा आर्जव दर्शविणारा शब्द आहे. भावना ओळखणाऱ्या आज्ञावलीला प्रत्येक संबंधकारकात नकार दिसू लागला तर दोष अहिराणीचा नव्हे. खानदेशी या नावाखाली २०११ च्या जनगणनेत १८ लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा नोंदविली आहे.

भिल्ली बोलींच्या बाबतीत तर सामग्रीचाच अभाव आहे. त्याच जनगणनेत भिली-भिलोडी या गटात १ कोटी ४ लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले. २०२३ साली आलेल्या ‘इंडिकट्रान्स-२’ या भाषांतरप्रणालीत घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा आल्या. संस्कृत आली, जिची मातृभाषा म्हणून २०११ मध्ये २४,८२१ लोकांनी नोंद केली. तिच्या समावेशास कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. भिल्ली आली नाही, कारण ती अनुसूचीत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्र शासनाच्या जनजातीय कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या प्रणालीचे प्रायोगिक रूप प्रसिद्ध केले, त्यात संथाळी, मुंडारी व गोंडी यांसह भिल्लीला स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ती भिल्ली मध्यप्रदेशातून घेतलेली आहे. देहवाली किंवा पावरी बोलणाऱ्या तळोदा-अक्राणीकडील माणसाला ती कितपत आपली वाटते, हे तपासण्याचे काम शिल्लक आहे. ते एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला पुरेल इतके मोठे आणि दोन वर्षांत संपेल इतके आटोपशीर आहे.

सामग्री नाही हे खरे; पण ती गोळा कशी करावी याचे धडे आपल्याकडे जुने आहेत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला, तो भिल्ली बोली व खानदेशी यांच्यासंबंधीच आहे. सर्वेक्षणाने उधळ्या पुत्राची एकच कथा बोलीबोलीतून लिहून घेतली. नमुने थोडे आणि विषय परका. तरी मजकूर एकच असल्यामुळे दोन बोलींतील भेद शब्दाशब्दाने मोजता येतो, आणि हा गुण आजच्या कोट्यवधी वाक्यांच्या संग्रहातही दुर्मिळ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने चालविलेल्या मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात गावोगाव जाऊन प्रत्यक्ष बोलणे ध्वनिमुद्रित करण्यात आले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने ट्विटांकडे धाव घेण्यापूर्वी या दोन कामांची पद्धती अभ्यासावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात तळोदा येते, त्याला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांची गाणी इतरांनी ऐकून उतरवून घेतली म्हणून १९५२ साली ती ग्रंथरूप झाली. केवळ लिखित मजकूर वेचणाऱ्या संग्रहाच्या नियमाने पाहिले असते, तर ती मराठीची सामग्री ठरलीच नसती.

६

राहता राहिला छंदाचा प्रश्न. छंद म्हणजे संशोधनातून चोरलेला वेळ, अशी समजूत मार्गदर्शकांत आढळते. या शास्त्राचा इतिहास तिला अनुकूल नाही. लिनस टोर्वाल्ड्स याने १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना लिनक्सचा आरंभ केला तो छंद म्हणून, आणि पुढे त्याच विषयावर त्याने पदव्युत्तर प्रबंध लिहिला. आपल्याकडे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हेही हौशी मंडळींचेच काम असून मराठी शिकणाऱ्या यंत्रांच्या खाद्यात त्याचा वाटा आहे. छंदाचा विशेष हा की त्यात विषयाची निवड सोयीने न होता ओढीने होते. तळोद्याकडील विद्यार्थी आजीच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करीत असेल, गावातील देहवाली शब्दांची यादी लिहीत असेल किंवा त्या शब्दांसाठी कळफलक रचीत असेल, तर तो प्रबंधापासून दूर जात नाही. बहुधा प्रबंधाला जे सुचले नाही तेच तो करीत असतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. विद्यार्थ्याला दोन वर्षे मिळतात. सामग्री गोळा करण्यातच ती संपली तर यंत्र केव्हा घडवावयाचे? बाहेरील परीक्षक कोष्टकांतील तुलना मागतात, आणि जिच्यावर पूर्वी कोणी काम केलेले नाही अशा बोलीत तुलना कोणाशी करणार? या अडचणीमुळेच ‘तयार संग्रह नाही, म्हणून विषय नाही’ असा अलिखित नियम विभागाविभागांत रूढ होऊ पाहत आहे. त्याचे फळ असे की ज्या भाषेत काम झालेले आहे तिच्यातच आणखी काम होते, आणि देहवाली बोलणारा विद्यार्थी इंग्रजीतील वस्तुपरीक्षणांची भावना मोजून पदवी घेतो.

आमचे उत्तर असे की हा नियम शास्त्राचा नसून सोयीचा आहे. सामग्रीची निवड, तिच्या बोलणाऱ्यांची संमती, लेखनाची पद्धती, वर्गांचे निकष आणि मतभेदांचे विवेचन ही संशोधनाची पूर्वतयारी नव्हे. भाषेच्या बाबतीत तेच संशोधन होय. दोन हजार वाक्यांचा पावरी संग्रह, प्रत्येक वाक्य कोणत्या गावचे व कोणत्या वयाच्या माणसाचे आहे याच्या नोंदीसह, आणि त्यावर एखादे साधे प्रारूप किती टिकते व कोठे कोसळते याची प्रामाणिक चर्चा : एवढ्यावर पदव्युत्तर पदवी देण्यास कोणत्याही विभागाला संकोच वाटू नये. पुण्याच्या गटाचे श्रेष्ठत्वही अखेर याच गोष्टीत आहे की मराठीत तयार संग्रह नव्हते, तेव्हा त्यांनी ते केले. त्यांनी घेतलेला अधिकार पुढच्या विद्यार्थ्याला त्याच्या बोलीपुरता नाकारण्याचे कारण दिसत नाही.

तेव्हा या विषयावरील प्रबंध हाती आला असता परीक्षकांनी टक्केवारीच्या कोष्टकापूर्वी चार प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. वाक्ये कोणाची आहेत? ती यंत्राला देण्यापूर्वी त्यांत काय बदलले? खुणा करणारांत मतभेद कोठे झाले? आणि ज्या माणसांची ही भाषा, त्यांच्यापैकी कोणाला हे साधन दाखवून पाहिले काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे काही प्रबंधांतून थोडीफार मिळतात. चौथ्याचे उत्तर मिळविण्यासाठी तळोद्यापर्यंत जावे लागेल, आणि विभागाने त्या प्रवासाचा खर्च प्रयोगशाळेच्या खर्चातच धरला पाहिजे.